सदतिसाव्या खाचेतला काळा कागद

१

सोमवारी सकाळी मी सदतीस नंबरची स्लाइड खिडकीशी धरली, तर पलीकडचा उजेड अलीकडे आलाच नाही. चौकट नेहमीचीच होती, दोन बोटं रुंद, पांढऱ्या पुठ्ठ्याची. आत मात्र फिल्मच्या जागी काळा कागद होता.

मी ट्रे पुन्हा मोजला. खाचा ऐंशी, चौकटी ऐंशी. वरवर मोजणाऱ्याला काहीच कमी दिसलं नसतं. ज्याने स्लाइड नेली त्याने खाच रिकामी ठेवली नव्हती, तिच्यात हा काळा कागद बसवून गेला होता.

ती स्लाइड कसली होती ते आधी सांगते. १९७४ साली घानातल्या आमच्या कुमासी शहरात नाना आचा नावाची एक मोठ्या घरची म्हातारी वारली; नाना हा आमच्याकडे थोरांना, बायकांनाही, लावायचा मान आहे. तिच्या सुतकाचे रंगीत फोटो ओपानिन तिएकू यांनी काढले. तिएकू गेल्यावर त्यांच्या बायकोने, मामे बिरागोंनी, त्यांच्या नऊ हजार स्लाइड आमच्या संग्रहालयाला दिल्या. सदतीस नंबरमध्ये नाना आचाच्या घरातल्या बायका ओळीने बसल्या आहेत आणि मधोमध फ्रेमा नावाची बाई आहे. फ्रेमाने त्या दिवशी कोणत्या रंगाचं कापड नेसलं होतं, यावर तिच्या मुलीचं, दुफीचं, राहतं घर अडलं होतं.

त्या घराण्याची रीत अशी की घरची आई गेली की रक्ताच्या लेकी कोबेने नेसतात, म्हणजे लालभडक. घरात राहणाऱ्या बाकीच्या बायका कुंतुनकुनी नेसतात, झाडाची साल उकळून रंगवलेलं, काताच्या रंगाचं तपकिरी. दुफी आता पन्नाशीची आहे. त्याच घराच्या अंगणात पहाटे लापशी विकून तिने तीन मुलं वाढवली. घराण्यातल्या ओबिरीला मात्र ते घर पाडून चार मजली दुकानं बांधायची होती, आणि दुफीची खोली त्याच्या आड येत होती.

फ्रेमा रक्ताची नव्हे, लहानपणी कुठून तरी विकत आणलेली, असं ओबिरीला म्हणायचं होतं. पण आमच्याकडे कोणी कोणाचं मूळ बोलून दाखवत नाही. फार जुना नियम आहे. तसा शब्द तोंडातून काढला तर दरबारात मेंढ्या आणि दारूच्या बाटल्या दंड भरावा लागतो, वर चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून ओबिरीने शक्कल काढली. आपण बोलायचं नाही, चित्राला बोलायला लावायचं. शुक्रवारी राजमातेच्या दरबारात ती स्लाइड बघायची होती. आई लाल कापडात दिसली तर दुफी घरची, तपकिरी दिसली तर तिने गाठोडं बांधायचं.

आणि शुक्रवारला चार दिवस उरले असताना माझ्या हातात काळा कागद होता.

२

माझ्या मनात पहिलं नाव आलं ते आमच्या संचालकांचं, आन्सेरे साहेबांचं. त्याला कारण होतं. तीन महिने आमचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं: एवढ्या स्लाइड गठ्ठ्याने स्कॅन करायच्या तर कोणत्या सॉफ्टवेअरने.

दोन सॉफ्टवेअर चाचणीला घेतली होती. मी त्यांना ससा आणि कासव म्हणायचे. ससा म्हणजे साहेबांचा लाडका. पन्नास स्लाइड यंत्रात भरा, बटण दाबा, मक्याच्या उकडलेल्या गोळ्याची केंकी आणि मासे खाऊन या, काम झालेलं. धूळ तोच पुसणार, उजेड तोच वाढवणार, आणि जुनं चित्र फिकट वाटलं की लाल रंग आपल्या मनाने चढवणार. कासवाला आधी मोजपट्टीची स्लाइड दाखवावी लागते. तिच्यावर ठरलेल्या रंगांचे बारीक चौकोन असतात. त्यावरून ते आपल्या यंत्राची खोड ओळखतं, तेवढीच खोड काढून टाकतं आणि चित्रात स्वतःची अक्कल घालत नाही. वेळ मात्र दुप्पट, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मी बावीस वर्षं रंगीत फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. रंगाच्या बाबतीत मी नाकाने कांदे सोलते, असं लोक म्हणतात ते खरंच आहे. पण तिएकू माझ्याही वरचे होते. परदेशातून धुऊन आलेल्या फिल्मवर गिऱ्हाइकं भांडायची, म्हणून प्रत्येक रोलच्या पहिल्या फोटोत ते एका दोरीवर कापडाच्या तीन चिंध्या टांगायचे, लाल, तपकिरी आणि काळी. त्या बघून रंग ताडून घ्यायचा. सशाने त्या सुतकाच्या रोलचा पहिला फोटो स्कॅन केला तेव्हा दोन चिंध्या लाल आल्या आणि एक काळी. मी लगेच साहेबांना लेखी टिपण दिलं की ससा तपकिरी रंगाला लाल करतो, हे सॉफ्टवेअर घेऊ नका. सशाची आणखी एक खोड होती. फिल्मच्या कोपऱ्यात तिएकू सुईने आपलं नाव कोरायचे, ते त्याला धूळ वाटायचं. दर वेळी ती जागा खूण करून वाचवावी लागायची.

साहेबांनी टिपण खणात टाकलं. देणगीदारांना मार्चअखेर नऊ हजार चित्रं हवी होती. मोजपट्टीची स्लाइड परदेशातून शुक्रवारी पोचली आणि मी जाहीर करून टाकलं की सोमवारी पहिला हाच ट्रे कासवाला देणार.

म्हणजे स्लाइड नाहीशी होण्यात साहेबांचा फायदा. मी तडक त्यांच्या खोलीत गेले आणि काळा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि शांतपणे सांगितलं की शुक्रवारी दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत ते राजधानीत, अक्रात, देणगीदारांसोबत होते. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, नोंदवही सांगते, शुक्रवारी संध्याकाळी तुम्हीच ती स्लाइड पुसून ठेवलीत. किल्ली तुमच्याकडे. शनिवारी त्या खोलीत तुम्ही सोडून तिघंच आली. माझ्याशी भांडण्यापेक्षा ती तीन नावं आठवा."

राजमातेच्या प्रवक्त्याला स्लाइड हरवल्याचा निरोप त्यांनी माझ्यासमोरच धाडला.

३

तीन नावं म्हणजे ओबिरी, दुफी आणि मामे बिरागो.

ओबिरी शनिवारी सकाळी आला होता, मी दुसऱ्या खोलीत चहा करत होते तेवढा वेळ तो ट्रेजवळ एकटा होता. मी त्याच्या सिमेंटच्या दुकानात गेले. त्याने मला बसायला खुर्ची दिली, थंड पाण्याची पिशवी दिली, आणि स्लाइडचं ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. तो त्याने मुद्दाम पाडला असेल असं मला वाटलं, म्हणून मी जरा लावून बोलले.

"बाई, मी ती कशाला चोरू?" तो म्हणाला. "मी शनिवारी तुमच्याकडे पत्र देऊन गेलो, ते वाचलंत तरी का? मला मूळ स्लाइडच हवी आहे. सगळीकडे फिरतोय तो कॉम्प्युटरचा लाल फोटो मला मान्य नाही. चित्र नसेल तर मी दरबारात काय दाखवू, माझी जीभ?"

पत्र माझ्या पिशवीतच होतं, न उघडलेलं. त्यात त्याने हेच लिहिलं होतं. माणूस मला आवडत नव्हता आणि आजही नाही, पण त्याचं म्हणणं बिनतोड होतं.

तिथून मी दुफीकडे गेले. अंगणात चुलीच्या धुरात ती उद्यासाठी भिजलेला मका वाटून घेत होती, चेहरा घामाने निथळत होता. सशाने स्कॅन केलेल्या चित्राची प्रत मीच तिला महिन्यापूर्वी काढून दिली होती. ती तिने प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला लावली होती. ओळीच्या मधोमध फ्रेमा, अंगावर लाल कापड. दुफी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची. शनिवारी ती माझ्याकडे आली होती ती तळलेलं केळं घेऊन, आभार मानायला.

स्लाइड गेली म्हटल्यावर तिचा वाटणारा हात थांबला. मग म्हणाली की काही बिघडत नाही, तू शोधशील. तिची आई त्या घरात अकरा वर्षं नाना आचाचं हगणंमुतणं काढत होती. त्याच घरच्या जमिनीत तिला पुरलंय. तिला आता परकी ठरवलं तर दुफीने मेल्यावर कुठे जायचं, हे तिने मला विचारलं.

"तू गावभर सांगतेस ना, तुझं कासव खोटं बोलत नाही म्हणून?" ती म्हणाली. "मग स्लाइड आण आणि तुझ्या कासवाने दाखव सगळ्यांना. माझ्या आईला घाबरायचं कारण नाही."

मी तिला वचन दिलं की शुक्रवारच्या आत स्लाइड आणीन. चिंध्यांचं टिपण तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. सशाची खोड मला साहेबांशी भांडण्यापुरती हवी होती.

४

मंगळवारी दिवसभर तो काळा कागद टेबलावर ठेवून मी बसून राहिले. बाहेर धुळीने सूर्य पिठासारखा झाला होता.

चोराने खाच रिकामी का ठेवली नाही, हा पहिला प्रश्न. लपवायचं म्हणून, असं मी धरून चालले होते. पण लपवायचंच होतं तर शेजारच्या ट्रेमधली कुठलीही एक स्लाइड तिथे बसवायची. ती महिनाभर कोणाला कळली नसती. काळा कागद तर उजेडाला धरताच कळतो. मग काळाच का?

तेव्हा मला प्रोजेक्टर आठवला. जुन्या काळी गावोगाव पडद्यावर स्लाइड दाखवायचे. ट्रेमध्ये एखादी खाच रिकामी राहिली की दिव्याचा झोत थेट पडद्यावर आदळायचा आणि अंधारात बसलेल्या लोकांचे डोळे दिपायचे. म्हणून खेळ करणारे रिकाम्या खाचेत काळा कागद घालायचे. तिएकूंच्या सामानात अशा काळ्या चौकटींचा एक डबाच आमच्याकडे आला होता. म्हणजे हे लपवणं नव्हतं, हाताचं वळण होतं.

मग मी चौकट भिंगाखाली घेतली. एका कोपऱ्यात बारीक टिंब होतं. स्लाइडवाल्यांना हे टिंब माहीत असतं. चित्र सरळ धरलं की ते खाली डावीकडे येतं. ट्रेमध्ये स्लाइड उलटी घालायची असते, तेव्हा ते बरोबर उजव्या अंगठ्याखाली येतं. टिंबावर अंगठा म्हणजे स्लाइड नीट बसली. तिएकूंच्या सगळ्या स्लाइडवर ते शाईने आहे. डब्यातल्या काळ्या चौकटींवर मात्र एकीवरही नाही, आणि असायचं कारणही नाही. काळ्या कागदाला सुलटं काय आणि उलटं काय!

तरी या एकीवर टिंब होतं, आणि ते ताजं होतं. मी बोट लावलं तर पसरलं. शाई नव्हे, शिसपेन्सिल नव्हे, तेलकट काळं. बायका भुवया काढतात ती पेन्सिल.

ओबिरीने आयुष्यात प्रोजेक्टरला हात लावला नसेल. दुफीच्या घामेजल्या कपाळावर भुवईची रेघ मी कधी पाहिली नाही. उरली ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक बाई, जी दर शनिवारी भुवया कोरून, कडक इस्त्रीचं कापड नेसून स्लाइडमधल्या माणसांची नावं सांगायला आमच्याकडे येते. नवरा पडद्यापुढे उभा राहून बोलायचा तेव्हा पाठीमागे बसून तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला तो तिने. टिंबाशिवाय खाचेत काही घालायचं तिच्या हाताला जमलंच नसतं. शनिवारी मी केंकी आणायला अर्धा तास बाहेर गेले होते, तेव्हा ती खोलीत एकटी होती.

कोडं सुटलं आणि मला काय चेव चढला. तिने असं का केलं असेल, हा प्रश्न विचारायला मी थांबलेच नाही. ओबिरीने पैसे चारले असतील, असं परस्पर ठरवून मोकळी झाले. बुधवारी सकाळी त्रोत्रोत, माणसं कोंबून नेणाऱ्या मिनीबसमध्ये, बसल्या बसल्या मी आधी साहेबांना आणि मग राजमातेच्या प्रवक्त्याला फोन केला. गाडीतल्या वीस जणांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की चोर सापडला, मामे बिरागो, आणि संध्याकाळपर्यंत स्लाइड माझ्या हातात असेल.

५

मामे बिरागो ओल्ड टाफो वस्तीत एका खोलीत राहतात. मी दारात उभी राहिले आणि काळी चौकट पुढे केली. त्यांनी ती घेतली, टिंब बघितलं आणि हसल्या.

"हात मेला सवयीचा," म्हणाल्या. "ये, बस. पाणी घे."

पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय आमच्याकडे बोलणं सुरू होत नाही, चोराच्या घरीही नाही. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढली. आत सदतीस नंबर होती. त्यांनी ती पुसली नव्हती, वाकवली नव्हती, तिला काहीएक केलं नव्हतं. मी विचारलं की ओबिरीने किती दिले.

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. मी स्लाइड उजेडाला धरली. आजवर मी तिची नुसती धूळ पुसली होती, अशी कधी बघितली नव्हती.

ओळीत सात बायका होत्या. सहा जणी लाल. तिएकूंनी पकडलेला तो लाल मी सशाच्या चित्रात कधी पाहिलाच नव्हता, ओल्या मिरचीसारखा जिवंत. मधोमध फ्रेमा होती आणि तिचं कापड काताच्या रंगाचं होतं. त्यात शंकेला जागाच नव्हती. पन्नास वर्षांत त्या फिल्मचा रंग तसूभर उडाला नव्हता.

"मी होते तिथे," मामे बिरागो म्हणाल्या. "फ्रेमा ओळीच्या टोकाला जाऊन बसली होती, तिची जागा तीच. नाना आचाच्या थोरल्या लेकीने तिला हाताला धरून उठवलं आणि मधे आणून बसवलं. हे म्हणाले, रंग फुटतोय, ओळ बिघडते. ती म्हणाली, बिघडू दे, आमच्या आईला हिनेच सांभाळलं. तुझ्या यंत्राला रंग कळतो पोरी, कोणी कोणाला कुठे बसवलं ते कळत नाही."

त्यांनी पुढे सांगितलं की सशाचं लाल चित्र पाहिलं तेव्हाच त्यांना चूक कळली होती आणि त्यांनी देवाचे आभार मानले होते. शनिवारी मी तोऱ्यात म्हणाले की सोमवारी कासव खरं काय ते दाखवील, तेव्हा त्यांनी स्लाइड उचलली. ती फाडायचा त्यांना धीर झाला नाही. नवऱ्याचं एवढं चांगलं काम दुसरं नव्हतं. आपण मेल्यावर शवपेटीत बरोबर न्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आता हरवलीच आहे म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "कोणाला कळणार नाही."

मला मान खाली घालून सांगावं लागलं की मी फोन करून बसले आहे. साहेबांना आणि दरबारालाही, तुमच्या नावानिशी.

त्यांनी डोळे मिटले. चुलीवर पाणी उकळत होतं. मग त्यांनी माझ्या हातातून स्लाइड घेतली, मगमध्ये ते पाणी ओतलं आणि चौकटीसकट ती आत सोडली. फिल्मवरचा रंगाचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटला. आधी लाल गेला की तपकिरी, ते मी पाहिलं नाही. तोंड फिरवलं होतं. मामे बिरागो मात्र शेवटपर्यंत मगमध्ये बघत होत्या.

६

गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं. चुरगळलेली, पांढरी पडलेली फिल्म त्यांच्यापुढे ठेवून मी सांगितलं की म्हातारीच्या घरी पाणी लागलं. त्यांनी फिल्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खणातून माझंच टिपण काढलं. ससा तपकिरी रंगाला लाल करतो. खाली माझी सही.

ते म्हणाले की हा कागद ओबिरीला मिळाला तर दुफीच्या लाल फोटोची किंमत काय राहील? मग टिपणाशेजारी दुसरा कागद ठेवला, सॉफ्टवेअर निवडीचा. त्यात लिहिलं होतं की दोन्हींची तुलना केली, पहिल्याचे, म्हणजे सशाचे, रंग विश्वासार्ह आढळले, आधीचं टिपण चुकीचं होतं. माणूस दुष्ट नव्हता. त्याला फक्त मार्च गाठायचा होता. मी सही केली. त्यांनी टिपण माझ्यासमोर फाडलं.

शुक्रवारी दरबारात मी सही केलेला तो कागद वाचून दाखवला गेला. संग्रहालयाचं मत म्हणून. दुफी पहिल्या रांगेत पांढरंशुभ्र कापड नेसून बसली होती, जिंकल्यासारखी. ओबिरीने मला उभं केलं आणि एकच विचारलं, चित्रातला लाल खरा आहे का. मी म्हणाले, खरा आहे.

"या बाईंचं सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही असं गावभर ऐकलं होतं," तो म्हणाला. "बाईंचं काय, ते आज कळलं." लोक हसले. पण त्याच्या हातात दाखवायला काही नव्हतं आणि जीभ उचलायची सोय नव्हती. राजमातेने लाल फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि दुफीची खोली दुफीकडे ठेवली.

लोक पांगल्यावर राजमातेने मला आतल्या खोलीत बोलावलं. तिचं वय पंचाहत्तरीच्या आसपास असेल. दार लावून घेतलं आणि प्रवक्त्यालाही बाहेर ठेवलं.

"त्या सुतकात मी पाणी वाटत होते," ती म्हणाली. "कोण काय नेसलं होतं ते मला चित्रात बघावं लागत नाही. सोमवारी निरोप आला, स्लाइड हरवली, तेव्हा माझ्या जिवाला बरं वाटलं. हरवलेल्या वस्तूला कोणी प्रश्न विचारत नाही. मी तेवढ्यावर प्रकरण मिटवणार होते. तुला ती शोधायला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "नाना, कोणीच नाही."

तिने मान हलवली आणि मला जायला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, एवढंच परतताना माझ्या डोक्यात येत राहिलं. तो काळा कागद पुरेसा होता. मी तो खाचेत परत ठेवून गप्प बसले असते तर स्लाइड राहिली असती, कासवही राहिलं असतं, आणि एका म्हातारीचं नाव स्वच्छ राहिलं असतं.

७

ससा आता दिवसाला चारशे स्लाइड करतो. प्रत्येक रोलच्या पहिल्या फोटोत दोन लाल चिंध्या आणि एक काळी. साहेबांना देणगीदारांचं कौतुकाचं पत्र आलं, ते त्यांनी चौकटीत लावलं आहे.

मामे बिरागो शनिवारी येत नाहीत. त्रोत्रोतल्या वीस जणांनी आपलं काम चोख केलं. बाजारात त्यांना पाहून लोक पिशव्या जवळ ओढतात, असं मी ऐकलं. चर्चमधल्या बायकांच्या मंडळाने त्यांच्याकडची पेटीची किल्ली काढून घेतली. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर फ्रेमाचं मूळ सांगावं लागलं असतं.

मागच्या आठवड्यात दुफी आली. आईच्या वर्षश्राद्धाला दाराच्या उंचीचा मोठा फोटो करायचा होता. येताना लापशीचा डबा घेऊन आली. मी पडद्यावर सदतीस नंबर उघडली. ती बराच वेळ लाल कापडाकडे बघत राहिली, डोळे पुसले, आणि मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिएकूंचं सुईने कोरलेलं नाव तिथे होतं.

"हे काढ," ती म्हणाली. "माझी आई माझ्यापासून चोरायला निघाली होती ती थेरडी. तिच्या घरचं नाव माझ्या आईच्या फोटोवर नको."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझी मैत्रीण आहे, तिच्या खोलीला आता कोणी हात लावू शकत नाही, आणि तिला काहीही माहीत नाही. ते तसंच राहायला हवं.

मी त्या कोपऱ्यावरची राखून ठेवायची खूण काढली आणि बटण दाबलं. बाकी मला काहीच करावं लागलं नाही. सशाला ती धूळच वाटते.